नागमोडी रेघ

महानुभावांच्या जुन्या पोथ्यांत 'वासना' हा शब्द प्रथम भेटतो तेव्हा नवखा वाचक दचकतो. मीही दचकलो होतो. विषयलालसेशी या शब्दाची गाठ आपल्या मनात इतकी पक्की बसलेली असते की, 'लीळाचरित्रा'सारख्या विरक्तांच्या ग्रंथात तो वारंवार का यावा हे कळत नाही. पुढे उलगडा होतो. एखादी लीळा सांगता सांगता मध्येच दुसऱ्या कोणाच्या आठवणीतला निराळा तपशील नोंदवलेला असतो आणि त्या निराळ्या आठवणीला 'वासना' म्हटलेले असते. चित्तावर उमटून राहिलेला ठसा, हा त्या शब्दाचा जुना आणि आपल्या दर्शनांना चांगला परिचित असलेला अर्थ. एकाच्या चित्तावर प्रसंग असा उमटला, दुसऱ्याच्या चित्तावर तसा. आजच्या संपादकीय परिभाषेतल्या 'पाठभेद' या शब्दाहून हा शब्द मला नेहमीच अधिक प्रामाणिक वाटत आला आहे. पाठभेद हा कागदांमधला भेद. वासना हा माणसांमधला.

त्या ग्रंथाचा इतिहासच तसा आहे. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात, म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासात वावरलेल्या स्त्रीपुरुषांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे यादवांचे राज्य बुडाले त्या काळाच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांच्या स्मरणात ग्रंथ होता त्यांनी आपापल्या परीने तो पुन्हा उभा केला आणि त्यातून हिराइसेच्या पाठासारखे निरनिराळे पाठ निर्माण झाले. म्हणजे आज आपल्या हाती आहे ती आठवणींची आठवण. तिच्यावर पुन्हा सकळ लिपीचा पडदा, नकलकारांच्या डुलक्या आणि शतकानुशतकांची कसर.

१९८४ साली मी नागपूर विद्यापीठात या ग्रंथाच्या पाठांवर प्रबंध लिहायला घेतला. रिद्धपूर आमच्या गावापासून चारपाच कोसांवर. लहानपणी यात्रेला बैलगाडीतून गेलेलो. त्यामुळे विषय आपल्या घरचाच आहे अशी एक भाबडी समजूत होती. ती फार टिकली नाही. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली १९७८ सालची आवृत्ती एका हाताशी, दुसऱ्या हाताशी हस्तलिखितांच्या टिपणांनी भरलेली पुठ्ठ्याची खोकी, असा माझा चार वर्षांचा संसार होता. त्या काळात केव्हातरी एका लीळेपाशी मी अडून बसलो. गाव कोणते, वेळ कोणती, अखेरचे वाक्य कोणी उच्चारले, याविषयी तीन वासना तीन दिशांनी ओढत होत्या आणि तिन्ही प्रतींची प्रतिष्ठा सारखी. कंटाळून मी मार्गदर्शकांना विचारले, "सर, पण खरोखर घडलं काय?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "घडलं ते घडून गेलं. तुम्ही पाठ मोजा."

संशोधकाला दिलेला तो व्यावहारिक सल्ला होता, आणि त्या पातळीवर तो उत्तमच होता. पुराव्यापलीकडे जाऊ नये, एवढेच त्यांना म्हणायचे होते. मी मात्र त्याचा सिद्धांत केला. दिवसही तसे होते. लेखकाचा मृत्यू, संहितेबाहेर काही नसणे, अर्थाचे अखंड पुढे ढकलले जाणे, ही सारी भाषा आमच्या विद्यापीठांत पश्चिमेकडून नुकतीच दाखल झाली होती आणि आम्ही तरुण समीक्षक ती नव्या कोटासारखी अंगावर घालून मिरवत होतो. तिच्यात खरे काही नव्हते असे मी आजही म्हणणार नाही. १९९४ साली एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. वासनांच्या पाठीमागे कोणतेही 'मूळ' उभे नाही; सर्व वासनांची बेरीज हेच मूळ; 'खरोखर काय घडले' हा प्रश्न केवळ अनुत्तरित आहे असे नव्हे, तर तो प्रश्नच नाही, असा त्याचा मथितार्थ. निबंधाचे कौतुक झाले. पुढे काही प्रबंधांच्या तळटीपांतही तो गेला.

त्याच दिवाळीत गावी गेलो होतो. आई ओसरीवर वाती वळत बसली होती. तिने विचारले, "काय बोलून आला बाबू तिकडं?" मी सोपे करून सांगितले. जुन्या गोष्टी माणसे आपापल्या परीने सांगतात; त्यांतली कोणती खरी हे विचारण्यात अर्थ नसतो; सांगणे तेवढे खरे. आई काही वेळ वाती वळत राहिली. मग ज्या विषयावर ती वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या वेळीच बोले, तो तिने काढला.

माझ्या जन्मापूर्वी आईला एक मुलगी झाली होती. ती लहानपणीच मुदतीच्या तापाने गेली. तिचे छायाचित्र नाही. वडिलांनी तिच्याविषयी आयुष्यभर तोंड उघडले नाही आणि ते आईच्या आधी पुष्कळ वर्षे गेले. आजी गेली. ज्यांनी तिला पाहिले होते अशी माणसे एकेक करून संपत गेली आणि शेवटी तिची सारी हकिकत एकट्या आईच्या स्वाधीन झाली. पण आईचेही सांगणे एक नव्हते. कधी मुलगी अडीच वर्षांची असे, कधी चार. कधी बाहेर श्रावणाची झड लागलेली असे, तर कधी कापसाची वेचणी चालू असे. हे तपशील बदलले तरी मला त्याचे काही वाटत नसे. मात्र एक तपशील असा होता की, तो बदलला की आईचा चेहरा बदले. वैद्याने लंघन सांगितले होते आणि पाणी घोटभरापलीकडे देऊ नका असे बजावले होते. आईच्या एका सांगण्यात मुलीने शेवटच्या रात्री पाणी मागितले होते आणि आईने दिले नव्हते. दुसऱ्या सांगण्यात तिने काहीच मागितले नव्हते. ती नुसती झोपली होती.

त्या दिवशी आईने पहिली हकिकत सांगितली. मला वाटले, माझा सिद्धांत इथे कामी येईल. आयुष्यात प्रथमच एखादा वाङ्मयीन विचार आईच्या उपयोगी पडणार होता. मी तिला म्हणालो, अगं, तुलाच दोन गोष्टी आठवतात. कोणती खरी हे तुलाही ठाऊक नाही आणि आता सांगायलाही कोणी उरलेले नाही. मग ती पाणी मागत होती असे तरी का धरून बसायचे? आता त्या दोन आठवणीच आहेत. त्यांच्या पलीकडे काही नाही.

आईने हातातली वात ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "तिनं पाणी मांगतलं असन तं मांगतलंच ना बाबू. मले याद राहो का नोको राहो."

अशिक्षित आईच्या तोंडी तत्त्वज्ञान घालण्याची आपल्या ललित लेखनाला एक खोड आहे आणि तिचा मला मनापासून कंटाळा आहे. आई तत्त्वज्ञ नव्हती. मी देऊ केलेली सूट तिला नको होती, इतकेच. पण ती सूट नाकारताना तिने जे वाक्य उच्चारले त्यात माझ्या निबंधाचा पायाच उखडला गेला होता, हे मला तिथल्या तिथे कळले आणि मान्य करायला पुढे काही वर्षे लागली. जे कोणालाही आठवत नाही, ज्याचा साक्षीदार नाही, लेख नाही, आणि जे आता कोणत्याही उपायाने जाणून घेता येणार नाही, तेही एक तर घडलेले असते किंवा घडलेले नसते. माणसाच्या जाणण्यावर ते अवलंबून नाही. तिचे म्हणणे हेच होते, आणि ते तिला सोयीचे नव्हते.

नागपूरला परत आल्यावर मी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व पुन्हा काढले. कारण सांगतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हे काम १९१९ साली हाती घेतले आणि ते पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. १९२५ साली प्रमुख संपादक म्हणून विष्णु सीताराम सुकथनकर आले. हा मनुष्य मूळचा गणिताचा. केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला जाऊन संस्कृतविद्येकडे वळलेला. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा लिपींतली हस्तलिखिते जमवून, त्यांची कुळे लावून, ओळीओळीची तुलना करून त्यांनी आदिपर्वाची संहिता सिद्ध केली. १९३३ साली ते पर्व पूर्ण झाले आणि त्यासोबत त्यांची ती प्रख्यात प्रस्तावना आली. तिच्यात त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, ही संहिता म्हणजे व्यासांचे मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे जाऊन हाती लागलेले ते रूप आहे. लोकांना प्रिय असलेल्या कितीतरी गोष्टी या कामात तळटीपांत वा परिशिष्टांत गेल्या. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही घराघरांत ठाऊक असलेली कथासुद्धा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. सुकथनकर १९४३च्या जानेवारीत, महाभारताच्या अर्थावरची मुंबईतली व्याख्यानमाला पुरी होण्याच्या आधीच, वारले. माझ्या मते विसाव्या शतकात महाराष्ट्रात झालेल्या वाङ्मयीन कामांत याच्या तोडीचे दुसरे नाही, आणि मराठी समीक्षेने त्याच्यापासून जवळजवळ काहीच घेतले नाही.

मी पुन्हा शोधत होतो ती एक खूण. या आवृत्तीत जिथे संपादकाची पुरी खात्री नसते तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. पाठ निवडलेला आहे, पण निवड निर्णायक नाही, एवढे ती रेघ सांगते. विद्यार्थिदशेत मी तिच्याकडे मुद्रणातली एक सोय म्हणून पाहिले होते. आता ती मला निराळी दिसू लागली. त्या एका रेघेत दोन कबुल्या आहेत. मला ठाऊक नाही, ही एक. आणि ठाऊक असण्याजोगे काहीतरी तिथे होते, ही दुसरी. दुसरी कबुली काढून घेतली तर पहिलीला अर्थ उरत नाही. जिथे चुकण्याजोगे काही नाही तिथे शंका तरी कसली घ्यायची? माझ्या निबंधात सगळेच पाठ सारख्या योग्यतेचे होते. तिथे नागमोडी रेघेला जागाच नव्हती, कारण माझी चूक होण्याची शक्यताच मी मिटवून टाकली होती. तेव्हा मी त्यालाच विनय समजत होतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुकथनकरांच्या हयातीतच मूळ शोधण्याच्या या खटाटोपाविषयी शंका व्यक्त केली होती. महाभारतासारखे काव्य सूतांच्या तोंडून, पिढ्यान्‌पिढ्या, निरनिराळ्या प्रदेशांत वाढत गेले असेल, तर त्याला एकच एक मूळ होते असे धरायचे कशाला? प्रत्येक गायन हे त्या त्या ठिकाणी मूळच. हा आक्षेप मला आजही बराचसा मान्य आहे. पण यातूनच माझी गफलत मला सापडली. काव्याला मूळ नसू शकते. प्रसंगाला ते नसून चालत नाही. गाणे दहा तोंडी दहा प्रकारे जन्मते आणि दहाही प्रकार खरे असतात. पण एका ठराविक रात्री, एका ठराविक खोलीत, एका मुलीने पाणी मागितले की नाही, याला दहा उत्तरे नसतात. मी काव्याविषयी जे शिकलो होतो ते प्रसंगांना लावत सुटलो होतो. साहित्याच्या प्राध्यापकाला जग हे एक मोठे पुस्तक वाटू लागते, हा आमच्या धंद्यातला आजार आहे.

नेमका हाच भेद १४ जुलै १९३० रोजी जर्मनीत पॉट्सडामजवळच्या कापुट या गावी झालेल्या एका संभाषणात समोर आला होता. रवींद्रनाथ ठाकूर त्या दिवशी आइन्स्टाइनच्या घरी गेले होते. मे महिन्यात ऑक्सफर्डला माणसाच्या धर्मावर व्याख्याने देऊन ते आले होते आणि सत्य हे मानवी विश्वाचेच सत्य असते, ही भूमिका त्यांच्या मनात ताजी होती. आइन्स्टाइन यांनी त्यांना विचारले की, माणसे उरली नाहीत तर बेल्व्हेडेअरचा अपोलो, म्हणजे व्हॅटिकनमधला तो विख्यात पुतळा, सुंदर राहणार नाही काय? रवींद्रनाथ म्हणाले, नाही राहणार. आइन्स्टाइन यांनी सौंदर्यापुरते हे मान्य केले. सत्याच्या बाबतीत मात्र नाकारले. पायथागोरसचा सिद्धांत माणूस असो वा नसो, खराच. या घरात कोणी नसले तरी ते टेबल जिथे आहे तिथेच असणार. आपल्याला हे सिद्ध करता येणार नाही, पण ही आपली श्रद्धा आहे, असे ते सांगत राहिले आणि अखेरीस, तर मग तुमच्यापेक्षा मीच अधिक धार्मिक ठरतो, अशा अर्थाचे बोलले.

आपल्याकडे हा संवाद पूर्व आणि पश्चिम, कवी आणि वैज्ञानिक, अशा ठोकळेबाज जोड्या लावून सांगण्याची प्रथा आहे. ती मला पटत नाही. रवींद्रनाथांची बाजू दुबळी नव्हती. मानवाशी ज्याचा कोणताच संबंध नाही असे सत्य असेलच तर ते आपल्यापुरते नसल्यासारखेच, हे त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे. आणि त्यांनी दिलेला एक दाखला मी कधी विसरलो नाही. कागद खाणाऱ्या कसरीच्या लेखी साहित्य मुळात अस्तित्वातच नाही. तिला फक्त कागद आहे. माणसाच्या मनाला मात्र कागदापेक्षा साहित्यच अधिक सत्य असते. पोथ्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हा दाखला वर्मी लागतो. पण मला असेही वाटते की, तो रवींद्रनाथांच्याच विरुद्ध जातो. कसरीला साहित्य दिसत नाही म्हणून साहित्य नाहीसे होत नाही. मग माणसाला जे दिसत नाही त्याच्यापुढे माणूसही कसरीच्याच जागी नसेल कशावरून?

आणि याहून गमतीची गोष्ट अशी की, त्या दिवशी कापुटला नेमके कोणते शब्द उच्चारले गेले हेच आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. दोघांची बोलण्याची भाषा एक नव्हती. मध्ये दुभाषी होते. १९३०च्या ऑगस्टमध्ये दिमित्री मारियानॉफ यांचा वृत्तांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आला; १९३१च्या जानेवारीत कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू'त संवाद छापला गेला आणि त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या व्याख्यानांच्या पुस्तकाला तो परिशिष्ट म्हणून जोडला गेला. हे वृत्तांत शब्दशः एक नाहीत. म्हाइंभटांनी इथे सरळ 'वासना' लिहिली असती. माणसाच्या जाणण्यापलीकडे सत्य आहे काय, याविषयीचे विसाव्या शतकातले हे सर्वांत गाजलेले संभाषण स्वतःच आपल्या जाणण्यापलीकडे गेलेले आहे. तरीही त्या खोलीत काही विवक्षित शब्द उच्चारले गेले होते आणि काही नव्हते, याविषयी कोणी शंका घेत नाही. रवींद्रनाथांनीही घेतली नसती.

सत्य हा विधानाचा गुण आहे आणि विधाने माणसे करतात, तेव्हा माणसाविना सत्य कसे, हा प्रश्न माझे तत्त्वज्ञानातले एक स्नेही मला नेहमी टाकतात. शब्दापुरते ते बरोबर आहेत. माणूस नसेल तर 'पाऊस पडला' हे वाक्य नसेल. पण पाऊस नसेल असे नाही. वाक्य आपले; ते ज्यामुळे खरे वा खोटे ठरते ते आपले नाही. आपल्या दर्शनांत या प्रश्नाची तड निरनिराळ्या वाटांनी लावलेली आहे. वैशेषिकांच्या परंपरेत प्रशस्तपादाने अस्तित्व, अभिधेयत्व आणि ज्ञेयत्व हे तिन्ही सहाही पदार्थांचे समान धर्म सांगितले. जे आहे ते जाणता येण्याजोगे आहे. मात्र ते माणसालाच जाणता आले पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. माणसाचे अज्ञान भरून काढायला नैयायिकांचा सर्वज्ञ ईश्वर आहे. जैनांनी एकेका दृष्टीचे सत्य एकांगी ठरवले, आणि तरीही केवलज्ञानाची जागा राखून ठेवली. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी अनेकान्तवादाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. मग 'सगळ्यांचेच बरोबर' असे एक गुळगुळीत मत तयार झाले. मला ईश्वराचा आधार घेता येत नाही; तो माझ्या स्वभावात नाही. त्यामुळे माझी अडचण अधिक आहे. कोणीही जाणत नाही, वरून पाहणाराही कोणी नाही, आणि तरीही ते तसे आहे, असे मला म्हणावे लागते.

हे मी सिद्ध करू शकत नाही. आणि माझे म्हणणे फार दूरवर जाते असाही माझा दावा नाही. मानवी मनाच्या घडणीलाच जे पेलणार नाही अशा सत्याविषयी, जिथे काळ, अवकाश आणि संख्या या आपल्या मोजपट्ट्याच लागू पडत नसतील तिथल्याविषयी, माझ्यासारख्याने बोलू नये. मला ठाऊक आहे तो भूतकाळ. घडून गेलेला आणि पुसला गेलेला. तिथे मात्र मी आता हटत नाही. कारण 'सांगणे तेवढेच खरे' हे एकदा मान्य केले की ज्याचा आवाज मोठा त्याचे सांगणे खरे ठरते. जो मेला, ज्याला लिहिता येत नव्हते, जिचे सांगणे कोणी टिपून घेतले नाही, त्यांच्या बाजूने मग उभे राहायला काहीच उरत नाही. पुरावा तर त्यांच्याजवळ नव्हताच. १९९४ साली मी या विचाराला मुक्तीचा विचार समजत होतो. ज्यांच्याजवळ फक्त घडलेले होते, त्यांच्याकडून मी तेही काढून घेत होतो.

आई २००६ साली गेली. त्यानंतर शेताच्या वारस नोंदीसाठी तहसील कचेरीत खेपा घालाव्या लागल्या. अशाच एका खेपेत मी जुने कोतवालबुक पाहायला मागितले. वऱ्हाडात गावोगावचे जन्म-मृत्यू कोतवालाकरवी या पुस्तकांत नोंदले जात. आज जातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या नकला काढायला लोकांची रांग लागते. कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्याने दोन दिवस खपून आमच्या गावची पुस्तके काढून दिली. १९५५च्या फेब्रुवारीत वडिलांच्या नावापुढे जन्माची नोंद सापडली. नावाच्या रकान्यात फक्त 'मुलगी' असे होते; बारशाआधीच नोंद होत असल्याने पुष्कळांची तशीच असे. मृत्यूच्या नोंदींसाठी मी पुढची पाच वर्षे चाळणार होतो. त्या पुस्तकाला वाळवी लागलेली होती. १९५७च्या मध्यापासून १९५९च्या अखेरीपर्यंतच्या पानांच्या जागी मातीची एक जाळी शिल्लक होती. ती बोटाने दाबली तर भुगा झाली. वाळवीला तिच्यापुरता कागद मिळाला होता.

म्हणजे मुलगी होती, हे सरकारी शाईत आले. अडीच की चार, श्रावण की वेचणी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही वासना त्या खाल्लेल्या पानांतच बसतात.

गेल्या वर्षी पुतणीने घराण्याची वंशावळ संगणकावर लिहून काढायला घेतली. माहिती मी सांगत होतो, ती टंकत होती. या आत्याचे नाव काय, असे तिने विचारले. आई तिला विमल म्हणे. मोठ्या आत्याबाईंना मात्र बारशात ठेवलेले नाव वत्सला आठवत होते, आणि कुशीत बाळ ठेवून नाव कानात सांगितले होते ते त्यांनीच. मी 'विमल' लिहायला सांगितले आणि त्याखाली नागमोडी रेघ ओढायला सांगितली. खाली बारीक अक्षरात, 'वासना : वत्सला'. मृत्यूच्या रकान्यात दोन साले आणि त्यांच्याखालीही तशीच रेघ. पुतणी म्हणाली, "काका, शब्द चुकला की संगणक स्वतःच अशी रेघ ओढतो. लोकांना वाटेल आपण चूक दुरुस्त करायची विसरलो." मी म्हटले, वाटू दे. तिने रेघ राहू दिली आणि पुढचे नाव विचारले. ते माझे होते.